साठ एकर

"तुमची मिठागरं साधारण किती एकरांची?" अक्षयच्या वडिलांनी सूपचा चमचा बशीत ठेवता ठेवता सहज विचारलं, आणि नमिताच्या तोंडातला पावाचा घास तोंडातच राहिला. प्रश्न तिला नव्हता. तिच्या शेजारी नवा बुशशर्ट घालून, मांडीवरचा पांढरा रुमाल घसरू नये म्हणून दोन्ही गुडघे जुळवून बसलेल्या तिच्या बापाला होता. जनू म्हात्रेनं मिठागरात तीस हंगाम काढले होते, पण ते शेठच्या मिठागरात, मजूर म्हणून. त्याच्या नावावर एक वाफासुद्धा नव्हता. टेबलाच्या पलीकडे अक्षय, त्याचे वडील दिनानाथ आणि त्याची आई बसली होती, आणि त्या तिघांची समजूत अशी होती की मुलीचे वडील पेणच्या खाडीवरचे मिठागरवाले आहेत. ही समजूत नमितानं होऊ दिली होती. आईबापाला तिनं यातलं काहीच सांगितलं नव्हतं. आज सांगू, एस.टी.त सांगू, चढ चढताना सांगू, असं करत करत ते थेट या टेबलापर्यंत येऊन पोचले होते. मधे पांढरी चादर, काचेची सुरई, प्रत्येकापुढे तीन-तीन चमचे, दोन-दोन काटे. खिडकीबाहेर माथेरानचं दुपारचं ऊन लाल मातीवर पडलेलं. बापानं तिच्याकडे पाहिलं. एकदाच. त्या पाहण्यात राग नव्हता, प्रश्नही नव्हता. वाफ्यातलं पाणी कुठवर आलंय हे तो जसं बांधावर उभा राहून बघायचा, तसं त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं, त्याला काय ते कळलं, आणि दिनानाथांकडे वळून तो म्हणाला, "साठ. साठ एकर असंल."

साठ एकर हे खरंच होतं. शेठचं मिठागर साठ एकरांचंच होतं. खोटं त्यात काहीच नव्हतं, आणि नमिताचंही सुरुवातीला तसंच झालं होतं. गावात सगळेच आमचं मिठागर म्हणायचे. ज्याच्या वाफ्यात ज्याचे पाय, त्याचं ते आमचं. रोह्याजवळ धाटावच्या कंपनीत लॅबमध्ये लागली त्याच्या पहिल्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये कुणीतरी विचारलं होतं, वडील काय करतात, आणि ती म्हणाली होती, आमचं मिठागर आहे. म्हणताना तिच्या मनात पाप नव्हतं, असं ती स्वतःला पुष्कळदा सांगायची. पण विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर जो एक फरक पडला, भुवया किंचित वर गेल्या, खुर्ची थोडी तिच्याकडे वळली, तो तिनं पाहिला होता. त्या क्षणी दुरुस्त करता आलं असतं. आमचं म्हणजे तसं आमचं नाही हो, एवढंच म्हणायचं होतं. तिनं पाण्याचा ग्लास उचलला आणि पाणी प्यायली. पुढं अक्षय भेटला. तो ठाण्याचा, प्रॉडक्शनला होता, नमुन्याच्या बाटल्या घेऊन लॅबमध्ये यायचा आणि निकाल येईपर्यंत उगाच थांबायचा. त्याला ते कॅन्टीनमधूनच कळलेलं होतं. त्यानं तिला कधी विचारलंच नाही, म्हणून तिला सांगावं लागलं नाही. जात वेगळी म्हणून त्याच्या आईनं दोन दिवस अन्न घेतलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो हसत हसत सांगत आला की आई तयार झाली. मी म्हटलं, अगं, त्यांची मिठागरं आहेत, आपल्यापेक्षा मोठी माणसं आहेत ती. नमिता तेव्हा ब्युरेटमधून एकेक थेंब सोडत होती. पाण्यात मीठ किती हे काढायची तीच पद्धत, पांढरा साका, मग तांबूस रंग. थेंब एक जास्त पडला. तिनं ते पाणी ओतून दिलं आणि नमुना पहिल्यापासून लावला. पण अक्षयला काही म्हणाली नाही.

आणि मग त्याच्या आईवडिलांनी आठ दिवस माथेरानला राहायला जायचं ठरवलं, आणि तिथूनच निरोप आला की रविवारी दुपारी जेवायलाच या, निवांत बोलणं होईल. शहाण्णवचा फेब्रुवारी, मिठाचा ऐन हंगाम. एक दिवस वाफा सोडला तर वर साय धरल्यासारखं मीठ धरतं, ते वेळेवर मोडावं लागतं. तरी बापानं मुकादमाला, पोपटला, सांगून सुट्टी घेतली. नमिता शनिवारीच रोह्याहून घरी आली होती. तिनं बापासाठी बुशशर्ट आणि पॅन्ट आणली होती, बूट आणले होते. आईला, काशीबाईला, तिनं स्वतःची मोतिया रंगाची पाचवारी नेसवली. आईनं जन्मात पाचवारी नेसली नव्हती. गुडघ्याशी आवळून नेसायच्या लुगड्याची सवय. आरशापुढं उभी राहून ती म्हणाली, "पाय बांधल्यावानी वाटतंय गो." नमितानं निऱ्यांना पिन लावली आणि म्हटलं, चालशील हळूहळू. पेणहून खोपोली, तिथून कर्जत, नेरळ, मग टॅक्सी. टॅक्सी वर नाक्यापर्यंतच. पुढं गाड्यांना बंदी, लाल धुळीतून चालत. बापाला बूट चावायला लागले, तेव्हा त्यानं ते काढून हातात घेतले आणि तिच्याकडे न बघता चालत राहिला. भेगांतून काळ्या पडलेल्या त्या टाचा लाल धुळीत उमटत होत्या, आणि घोड्यांवरून जाणारी माणसं, तिला वाटत होतं, त्या टाचांकडेच बघत होती. हॉटेलच्या फाटकाशी ती थांबली. काही बोलायची गरज पडली नाही. बापानं दगडावर बसून बूट घातले.

हॉटेल म्हणजे साहेबाच्या काळातला बंगला होता. जेवणाची खोली लांबलचक, भिंतीवर बर्फाच्या डोंगरांची चित्रं, कोपऱ्यात झाकलेला पियानो, आणि लाल जाकिटातले वाढपी. इथं सगळं युरोपच्या पद्धतीचं मिळतं, अक्षयची आई कौतुकानं म्हणाली होती. आपल्याकडचं रोजच असतं की. तिनं ते चांगल्या मनानं म्हटलं होतं. चांगल्या मनानंच तिनं काशीबाईला विचारलं होतं, तुम्हाला काय आवडेल, आणि आई म्हणाली होती, सगळी खातील तेच. बापाच्या हातात वाढप्यानं चामड्याच्या पुठ्ठ्याचं मेन्यूकार्ड दिलं होतं. त्यानं ते दोन्ही हातांनी उघडं धरलं. तो चौथीपर्यंत शिकला होता, मराठी वाचायचा. इंग्रजीच्या त्या बारीक तिरक्या ओळींकडे तो इतका वेळ इतक्या गंभीरपणे बघत राहिला की दिनानाथ म्हणाले, सावकाश बघा, घाई नाही. नमितानं कार्ड त्याच्या हातातून हळूच काढून घेतलं आणि म्हणाली, बाबा मासेच खातील. बाबा. घरी ती त्याला बा म्हणायची. तो शब्द तोंडातून निघाला तशी आईची मान किंचित तिच्याकडे वळली आणि परत सरळ झाली.

मासे आले तेव्हा मिठागराचा प्रश्न विचारून झालेला होता आणि साठ एकर टेबलावर पसरलेलं होतं. पापलेट होतं, पण ओळखू येत नव्हतं. पांढऱ्या दाट सॉसखाली झोपल्यासारखं, वर हिरव्या पानाची एक काडी. आईनं काट्यानं सॉस बाजूला केला, आत पाहिलं, आणि तिला बिचारीला खरोखरच काळजी वाटली. खाडीकाठच्या बाईला मासा कळतो. ती नमिताच्या कानाशी वाकून म्हणाली, "ह्याला हळद नाय का गो लावली? कच्चा असंल." आवाज हळूच होता, पण अक्षयच्या आईनं वर पाहिलं. आणि नमितानं टेबलाखाली आपल्या चपलेची टाच आईच्या पावलावर ठेवून दाबली. जोरात दाबली. तिच्या टाचेखाली आईच्या बोटातलं जोडवं लागलं, ते बोटात रुतलं असणार, हे तिला तिथं बसल्या बसल्या कळलं, आणि तरी तिनं पाय लगेच काढला नाही.  पुढं आईनं तो सबंध मासा, सॉससकट, काटा वेगळा करत संपवला आणि एकदाही मान वर केली नाही. नंतर कितीतरी दिवस नमिताला ते टाचेखाली जाणवायचं. रोह्याच्या खोलीवर आंघोळीला बसली की, लॅबमध्ये उभी असली की, मधेच पायाखाली काहीतरी टणक आल्यासारखं व्हायचं आणि ती पाय उचलायची.

बाप मात्र बोलत होता. तो इतका बोलणारा माणूस नव्हताच. दिनानाथ बँकेतून निवृत्त झालेले, त्यांना प्रत्येक गोष्टीची चौकशी करायची मनापासून हौस, आणि ते विचारत गेले तसा बाप सांगत गेला. पावसाळा सरला की बांध आधी नीट करायचे, मग वाफ्याची जमीन पायांनी तुडवून तुडवून सिमेंटसारखी करायची, मग भरतीला उघाडीतून, बांधाच्या दारातून, खाडीचं पाणी घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. पाणी तांबूस व्हायला लागलं की समजायचं. दिनानाथ जेवायचे थांबले होते. ते म्हणाले, हे मोजायला काही यंत्र असेल ना, आणि बाप म्हणाला, असतं, आमच्याकडं हाय, पण माणसाचे डोळे बरे. नमिता ऐकत होती. पहिल्यांदा तिला नुसती भीती वाटत होती की आता हा कुठंतरी अडकणार. मग तिच्या लक्षात आलं की तो अडकणार नाही, कारण तो सगळं खरंच सांगत होता. फक्त जिथं मी म्हणायचं तिथं तो माणसं म्हणत होता. माणसं तुडवतात. माणसं पहाटेचं उतरतात. त्यानं स्वतःला उचलून पलीकडे, त्या वाफ्यांत, नेऊन ठेवलं होतं आणि तो इथून स्वतःकडं बघत होता. दिनानाथांनी विचारलं, मजुरांचा त्रास होत असेल नाही.  बापाच्या हातातला काटा उलटा होता.

"नाय," तो म्हणाला. "त्यांचा काय त्रास. तीस-तीस वर्षं हायत माणसं. पाय फाटतात त्यांचे, त्यावर मीठ लागलं की रात्रभर आग होते. म्हणून आम्ही तेल देतो पायाला. न् हंगाम उठला की लुगडं देतो घरात."

शेठनं कधी तेल दिलं नव्हतं. लुगडंही नव्हतं दिलं. नमिताला आठवलं, लहानपणी ती बापाच्या पायांना रॉकेलच्या चिमणीवर कोमट केलेलं खोबरेल लावायची, आणि हात पुढं नेला की बाप आधी पाय आखडून घ्यायचा, पोरीनं पायाला हात लावायचा नाय म्हणून, आणि मग आग इतकी व्हायची की पुढं करायचा. तो आता टेबलावर बसून सगळ्या मिठागराला तेल वाटत होता. अक्षयची आई म्हणाली, किती चांगलं करता तुम्ही. तिचे डोळे खरोखर पाणावले होते. बाप खाली ताटाकडे बघून ओशाळं हसला, मोठ्या माणसानं स्तुती ऐकून हसावं तसं. नमिताला त्या क्षणी उठून जावंसं वाटलं. मोठ्यानं सांगावंसं वाटलं की हा माणूस तुमच्यापुढं बसलाय तोच तो मजूर आहे. शब्द गळ्यापर्यंत आले होते. एवढ्यात लाल जाकिटातला वाढपी कस्टर्ड घेऊन आला, प्रत्येकापुढं एकेक काचेची वाटी ठेवत टेबलाभोवती फिरला, आणि तो फिरून जाईपर्यंत ते शब्द खाली बसले.

मग दिनानाथ म्हणाले की आम्ही पुढच्या महिन्यात गाडीनं अलिबागला जाणारच आहोत, वडखळवरूनच वळायचं, तेव्हा तुमचं मिठागर बघूनच पुढं जाऊ. मला ते तांबूस पाणी बघायचंय. अक्षयही म्हणाला, हो, मीसुद्धा अजून पाहिलं नाही, ही नेतच नाही. सगळे नमिताकडे बघून हसले. तीही हसली. आणि त्या हसण्यातच तिला दिसलं की झालं, संपलं. मिठागर रस्त्याच्या कडेलाच होतं. पोपट मुकादम तिथं टपरीशी बसलेला असणार, शेठची पाटी लागलेली असणार, आणि बाप गुडघाभर पाण्यात लंगोटीवर असणार. तिनं बापाकडं पाहिलं नाही. पाहायचं धैर्य झालं नाही. कस्टर्डवर तपकिरी पाकाचा एक गोल होता, त्याच्याकडे ती बघत राहिली.

"आता बघन्यासारखं काय नाय राहिलं तितं," बापाचा आवाज आला. "भादव्यातल्या उधानाला बांध गेला. मोठी खांड पडली. पानी आत शिरलं ते निघलंच नाय. वाफे सगले गाळात गेले. आता मी सोडून दिलं ते. वय झालं."

 अक्षयच्या आईनं टेबलावरून हात पुढं करून काशीबाईच्या हातावर ठेवला, आणि काशीबाईनं तो ठेवू दिला. दिनानाथांनी चष्मा काढला. ते म्हणाले, आणि तुम्ही मघापासून आम्हाला इतकं सगळं सांगत होतात, आम्हाला कळलंसुद्धा नाही. बाप म्हणाला, सवय हो, तीस वर्षांची. अक्षय नमिताकडे वळून हळू आवाजात म्हणाला, तू मला हे सांगितलं का नाहीस. आणि नमिता, जिला कुणी काही शिकवलं नव्हतं, जिला एक क्षणही विचार करावा लागला नाही, ती म्हणाली, "सांगणार होते. बाबांना त्याचा फार त्रास होतो, म्हणून विषय काढत नाही." एवढं बोलून तिनं चमचा उचलला आणि कस्टर्ड खाल्लं. काहीतरी करायला हवं होतं म्हणून खाल्लं. ते गोड होतं, थंड होतं, आणि घशाखाली सहज उतरलं.

परतताना उतार होता. बापानं फाटकाबाहेर पडल्या पडल्या बूट काढले. आई पिनेला हात घालून निऱ्या सैल करत मागून येत होती, थोडी लंगडत. नमिताला बोलायचं होतं. ती दोनदा नुसतं बा म्हणाली. तिला हवं होतं की त्यानं रागवावं. लहानपणी तो रागावला की हातातली वस्तू जमिनीवर ठेवून द्यायचा आणि उभा राहायचा. तसं त्यानं ते बूट खाली ठेवावेत आणि तिच्याकडे बघावं. तो घोड्यांच्या लिदीतून वाट काढत चालत राहिला. शेवटी तीच म्हणाली की एवढं सांगायची काय गरज होती, बांध फुटला म्हणून. तो म्हणाला, "मग काय सांगू, या म्हनून?" आणि जरा वेळानं, आपल्याशीच बोलल्यासारखा, "सात वर्सांमागं फुटलेला तो डोळ्यापुढं होता. तोच सांगितला. नवीन काय नाय जोडलं." खोपोलीच्या स्टँडवर ती रोह्याकडे जायला वेगळी झाली. आईनं पिशवीतून तिची पाचवारी काढून दिली. कधी बदलली होती कुणास ठाऊक. ती नीट घडी घातलेली होती.

त्यानंतर तीन आठवडे ती घरी गेली नाही. शिफ्ट आहे, ऑडिट आहे. साखरपुड्याची तारीख एप्रिलची धरायची असं ठाण्याहून आलं होतं. अक्षय खुशीत होता. त्याच्या वडिलांना तिचे वडील इतके आवडले होते की ते घरी सारखा त्यांचाच विषय काढायचे. नमिता हे ऐकायची. मग होळीला तिला जावंच लागलं. घरात बाप नव्हता. आई चुलीपाशी होती, तिनं भाकरी उलटता उलटता सांगितलं की तुझा बाप निडीला हाय. भाताच्या गिरणीत. माथेरानहून आल्यावर सोमवारी तो मिठागरात गेला, ते पोपटला एवढं सांगायला की गुडघे गेले, आता उतरवत नाही. ऐन हंगामात. पोपट आधी हसला, मग रागावला, मग बापाचे वाफे त्याच्याच हाताखालच्या कान्हूला दिले. "त्याला म्हटलं मी, ती मानसं कवा येतील न् कवा नाय," आई म्हणाली. "तो बोलतो, गाडी वडखळला वळली न् मी रस्त्यावरनं दिसलो तर पोरीचं काय." आणि नमिताला सांगू नको म्हणून बजावलेलं, तेही तिनं सांगितलं. आईच्या आवाजात दोष नव्हता. त्यापेक्षा दोष असता तर नमिताला चुलीपुढं बसून जेवता तरी आलं असतं.

निडी म्हणजे रोह्याच्या अलीकडचं स्टेशन. तीन आठवडे बाप तिच्यापासून एका स्टेशनावर राहत होता आणि त्यानं तिला कळू दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या पॅसेंजरनं ती उतरली. गिरणी स्टेशनमागेच होती, आवाजावरून सापडली. आत कोंडा इतका उडत होता की माणसं ओळखू येत नव्हती. एका पोत्याखाली वाकून जाणारा माणूस बाप आहे हे तिला त्याच्या पायांवरून कळलं. पोतं त्यानं चुकीच्या थप्पीला लावलं, आणि बनियन घातलेला कुणीतरी त्याच्यावर ओरडला, म्हाताऱ्या, किती वेळा सांगायचं, इकडं नाय तिकडं. बापानं मुकाट्यानं पोतं परत पाठीवर घेतलं. साठ एकरांत कुठल्या वाफ्याचं पाणी कधी फिरणार हे ज्याला विचारायला पोपट मुकादम येऊन उभा राहायचा, त्याला इथं डावं-उजवं शिकवत होते. ती दारात उभी राहिली. त्यानं तिला पाहिलं तेव्हा पहिल्यांदा अंगावरचा कोंडा झटकला. बाहेर येऊन म्हणाला, काय नाय गो, सावलीतलं काम हाय. पाय पन भरून आले बघ. आणि त्यानं खरोखरच टाच वर करून तिला दाखवली. तिनं म्हटलं की उद्याच्या उद्या परत जा. तो म्हणाला, लगीन होऊ दे. मग बघू.

अक्षयला तिनं त्याच संध्याकाळी, कंपनीच्या फाटकाबाहेर, सगळं सांगितलं. कॅन्टीनमधल्या पहिल्या शब्दापासून निडीच्या गिरणीपर्यंत. त्यानं शांतपणे ऐकलं. वाईट माणूस नव्हता तो. त्याला धक्का बसला होता, पण त्यानं तिचा हात सोडला नाही. मग म्हणाला, हे बघ, आता हे आईबाबांना सांगायचं काहीच कारण नाही. बांध फुटला, विषय संपला. तुझ्या वडिलांनीच किती छान सोडवलं बघ ते. लग्नानंतर वर्षभरानं सांगू, तेव्हा हसतील सगळे. त्याचा आवाज इतका समजूतदार होता, इतका ओळखीचा होता. पाण्याचा ग्लास उचलतानाचा हाच आवाज तिच्या आत बोलला होता. तिनं विचारलं, आणि तोपर्यंत ते निडीला? अक्षय म्हणाला, थोडेच महिने ना.

ती एकटीच ठाण्याला गेली. दिनानाथ आणि अक्षयची आई, दोघांच्या समोर बसून तिनं सांगितलं. माझे वडील मिठागरात मजूर आहेत. तीस वर्षं. बांध फुटलेला नाही. ते तेल देत नाहीत, त्यांना कुणी कधी दिलं नाही. सांगताना तिला वाटत होतं की आता हलकं वाटेल, पण तसं काही झालं नाही.  दिनानाथ म्हणाले, खाडीचे बांध बघणाऱ्या खारभूमीच्या ऑफिसात माझा एक जुना मित्र आहे. त्याला मी पत्र लिहिलं होतं, या बांधाचं काही होईल का म्हणून. त्याला आता काय कळवू? ते रागावून म्हणाले नाहीत. ते खरंच विचारत होते. अक्षयच्या आईनं चहा आणला, नमितापुढं ठेवला.

"ते मजूर आहेत कळलं असतं तर मी हो म्हटलं असतं की नाही, ते आता मलाच सांगता यायचं नाही," ती म्हणाली. "कदाचित नसतंही म्हटलं. तो माझा दोष झाला असता. पण तो म्हातारा माणूस आमच्यासमोर बसून घासाघासाला खोटं बोलत होता, तुझ्यासाठी. आणि तू शेजारी बसून कस्टर्ड खाल्लंस. ते मला दिसतं सारखं."

नमितानं चहा घेतला. नाही कसं म्हणायचं ते कळेना. साखरपुडा पुढं ढकलला गेला, आणि मग त्याची तारीख पुन्हा कुणी काढली नाही. अक्षय लॅबमध्ये यायचा, नमुन्याच्या बाटल्या ठेवायचा, निकालासाठी न थांबता जायचा. जूनमध्ये त्यानं गुजरातेत दुसरी नोकरी धरली. जाताना त्यानं तिला शुभेच्छा दिल्या, आणि तिनंही दिल्या.

पण ते नंतरचं. ठाण्याहून ती परत आली ती थेट निडीला उतरली आणि बापाला घेऊन पेणला गेली. सकाळी दोघं मिठागराच्या बांधावरून चालत होते. ओहोटी होती, खाडीकडून चिखलाचा वास येत होता, आणि मिठाचे ढीग रस्त्यापर्यंत ओळीनं लागलेले होते. तो न राहवून दर वाफ्यापाशी थांबायचा, वाकून बघायचा, पुढं जायचा. मग त्यानं विचारलं, त्या लोकांचं काय. तिनं सांगितलं, मोडल्यात जमा आहे. मी जाऊन सगळं सांगून आले. बाप चालत राहिला. वाफा संपला, दुसरा संपला.

"म्हंजे मी फुकटच बुडवलं मिठागर," तो म्हणाला.

तिनं म्हटलं, "माझ्यामुळं, बा." तो नाही म्हणाला नाही. तिनं वाट पाहिली, पण तो नाही म्हणाला नाही, आणि हो असंही म्हणाला नाही. पुढं पोपट उभा होता. त्यानं फार ताणलं नाही. हंगामाचे दोन महिने राहिले होते, माणूस हवाच होता. पण वाफे कान्हूचे झाले होते, ते आता काढून घेता येणार नव्हते. जनूला करायचं तर कान्हूच्या हाताखाली करावं लागेल, पोपट म्हणाला. कान्हू तिशीचा, पाच वर्षांमागं जनूनंच त्याला पाण्याचा रंग ओळखायला शिकवलेलं. तो पाण्यातून वर आला, हातातलं लाकडी दाताळं काय करावं न कळून त्यानं बापापुढं धरलं. त्याची नजर खाली होती. बापानं शर्ट काढून बांधावर ठेवला, पॅन्ट काढून त्यावर ठेवली, लंगोटी आवळली आणि दाताळं घेतलं.

"तू सांग," तो कान्हूला म्हणाला, "कुठनं धरू?"

 कान्हूनं हातानंच कडेचा, रस्त्यालगतचा वाफा दाखवला. बाप पाण्यात उतरला. पहिल्या पावलाला त्याचा चेहरा आवळला, तीन आठवड्यांत भरून आलेल्या टाचांना मीठ पुन्हा लागलं असणार. मग तो सरळ झाला आणि दाताळं ओढायला लागला. रस्त्यावरून गाड्या अलिबागकडे चालल्या होत्या. नमिताला नवाची एस.टी. धरून रोहा गाठायचं होतं. एस.टी. आली, फाट्यावर थांबली, हॉर्न देऊन गेली. नमिता बांधावर बापाच्या कपड्यांशेजारी उभी होती.